परसातून फडताळात : वाचकांचे प्रश्न, आगोटीच्या आधी

मे उजाडला की पत्रं वाढतात. मृग तीन-चार आठवड्यांवर आलेला असतो आणि घराघरात तोच विचार, पाऊस लागायच्या आत काय काय भरून ठेवायचं. कोकणात याला आगोट म्हणतात, गोव्यात पुरुमेंत, आमच्या घाटावर नुसतं बेगमी. नावं वेगळी, पण त्यामागची काळजी एकच होती, चार महिने नद्यानाले भरलेले, वाटा बंद, घरात असेल तेच खायचं. आता तशी वेळ येत नाही, भाजी फोनवरून दारात येते, तरी इतकी माणसं लिहितात की आम्हाला आमचं थोडं तरी पिकवायचंय, टिकवायचंय, आणि मला हे खरंच मोलाचं वाटतं. म्हणून यावेळी जागा जास्त मागून घेतलीय. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत संपली आहेत, ज्याला जे लागू पडेल ते वाचा.

डोंबिवलीहून : ताई, आम्ही चौघं. सोसायटीने गच्चीचा एक कोपरा वापरायला दिलाय, शिवाय घराला दोन बाल्कन्या आहेत. मिस्टरांनी ठरवलंय की वर्षभरात बाजाराची पिशवी बंद करायची, सगळं घरचं. खरंच जमेल का, आणि सुरुवात कशाने करू?

मिस्टरांचा उत्साह अजिबात मोडू नका, फक्त आधी बसून हिशोब करा. चौघांच्या घरात पोळ्यांना महिन्याला वीस-पंचवीस किलो गहू सहज जातो. चांगल्या बागायती रानात हेक्टरी ३० क्विंटल गहू आला तर तो गुंठ्याला पडतो साधारण ३० किलो. म्हणजे अख्खा गुंठा, १०८९ चौरस फूट, चार महिने अडकवून तुमच्या घरची सव्वा-दीड महिन्याची पोळी निघाली. तेव्हा धान्य, डाळ, तेल, कांदा-बटाटा हे गच्चीवरून होणार नाही. हे आत्ताच मान्य केलंत तर चौथ्या महिन्यात कुंड्या तशाच टाकून द्यायची वेळ येणार नाही, आणि ती वेळ आलेली मी बऱ्याच घरांत पाहिलीय.

होतं काय, तर हिरवा भाग. जे आपण रोज थोडं थोडं आणतो आणि निम्मं फ्रीजमध्ये सडवतो ते. कढीपत्ता, मिरची, अळू, पुदिना, गवती चहा, आलं, ओली हळद, माठ, कोथिंबीर. यातलं कढीपत्ता आणि अळू एकदा लावलं की वर्षानुवर्षं चालतं, अळूला तर बाल्कनीतलं सांडपाणी सोडलं तरी ते खूश असतं (साबणाचं नको). आत्ता जूनसाठी माठ, चवळी, भेंडी, गवार, अळूचे कंद एवढंच घ्या. मेथी-पालकाची घाई करू नका, पावसात कुजतात, दसऱ्यानंतर लावा, मेथी २५ ते ३० दिवसांत काढायला येते. आणि सगळं बी एका दिवशी टाकायचं नाही, दर दहा दिवसांनी एक एक पेटी पेरायची, नाहीतर एका आठवड्यात दहा जुड्या आणि पुढचे दोन महिने काही नाही असं होतं.

आता गच्चीबद्दल, हे जरा गंभीरपणे घ्या. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते. एक फूट जाडीचा मातीचा वाफा केला तर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो वजन झालं, आणि आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ये-जा करायच्या गच्चीच्या स्लॅबला चौरस मीटरला साधारण १५० किलोच वरचं वजन धरलेलं असतं. जुन्या इमारतीत तर आणखी सांभाळून. म्हणून वाफे नकोतच, पिशव्या किंवा क्रेट घ्या, ते कठड्याच्या कडेने, खाली जिथे भिंती आणि बीम आहेत तिथे ठेवा, आणि भरताना तळाला सुका पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, मग कोकोपीट आणि कंपोस्ट, माती चौथा हिस्साच. झाडंही त्यात जास्त खूश राहतात, पाणी तुंबत नाही. घरातला ओला कचरा त्याच पिशव्यांत जिरतो, बाजारची पिशवी किती हलकी झाली त्याच्याइतकंच मला हे महत्त्वाचं वाटतं.

ठाण्याहून, चौदावा मजला : दुधीचा वेल छान चढलाय, फुलं भरपूर, मागे बारीक दुधी दिसतो पण चार दिवसांत पिवळा पडून गळतो. खत कमी पडतंय का?

खत नाही हो, कीटक कमी पडतायत. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, पतंग वगैरे संध्याकाळचे किडे त्यांचं परागीकरण करतात आणि चौदाव्या मजल्यावर ते फारसे पोचत नसणार. मग ते काम तुम्ही करा. दिवे लागायच्या सुमाराला नर फूल तोडा (मागे नुसता देठ असतो), त्याच्या पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या आत हलक्या हाताने टेकवा. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागेच बाळ दुधी असतो. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. सकाळी केलंत तर उपयोग नाही, तोवर फूल मलूल झालेलं असतं. दोडक्याचंही संध्याकाळीच, पण काकडी आणि लाल भोपळा मात्र सकाळी लवकर. आणखी एक, घरचा दुधी चिरला की छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा. कडू दुधी पोटात गेला की उलट्या, रक्ताची उलटीसुद्धा झालेली उदाहरणं आहेत. त्याचा रस तर नकोच नको.

नाशिकहून : गावाकडून ५० किलो इंद्रायणी तांदूळ, २० किलो तूर डाळ आणि थोडे वाल-मूग येतात. ऑगस्टपर्यंत तांदळात सोंडे आणि मुगाला भुंगा ठरलेला. एका नातेवाईकांनी गोदामात वापरतात त्या गोळ्या आणून दिल्यात, फडक्यात गुंडाळून कोठीत ठेवा म्हणाले. ठेवू का?

नका ठेवू. हे मी आधी लिहिते आणि बाकीचं नंतर. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो, तो फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. डॉक्टरसुद्धा फक्त आधार देऊ शकतात. झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत असं होतं यात. सर्वसामान्य माणसाने घरात वापरायला त्याला परवानगीच नाही, ते काम प्रशिक्षित माणसांचं, मोकळ्या गोदामातलं. घरात आणून ठेवल्या असतील तर हात लावू नका, डबा उघडू नका, त्यावर पाणी तर अजिबात पडू देऊ नका, त्या खोलीत कुणी झोपू नका, आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात फोन करून विल्हेवाट कशी लावायची ते विचारा. कचऱ्यात टाकू नका.

आता तांदूळ. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आतच अंडं घालते, त्यामुळे नुसतं चाळून, पाखडून भागत नाही, वरचे किडे गेले तरी आतले महिनाभराने बाहेर येतात. तांदूळ कडक उन्हात घालू नका, चिरतो आणि शिजताना कणी होते, सावलीत पंख्याखाली पसरून सुकवा. मग पाच-पाच किलोच्या जाड पिशव्या करून जेवढ्या मावतील तेवढ्या आळीपाळीने डीप फ्रीजमध्ये चार-पाच दिवस ठेवा, आतली अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर बाहेरची वाफ दाण्यावर बसते आणि तेच ओलं होतं. फ्रीजमध्ये जागा नसेल तर कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात थरांमध्ये कडुलिंबाचा सावलीत सुकवलेला पाला. आमच्याकडे बिब्बेही टाकतात, पण ते टाकणाऱ्याने हात जपावेत, त्याचं तेल अंगावर उततं.

कडधान्याची गोष्ट वेगळी. भुंगा दाण्याच्या बाहेर अंडी चिकटवतो, मुगावर पांढरे ठिपके दिसतात ना ती तीच. म्हणून जुन्या बायका दाण्याला तेलाचा हात लावायच्या, किलोला एक चमचा, साधारण ५ मिली एरंडेल किंवा गोडं तेल, सगळ्या दाण्यांना चोळून. अंडं नीट चिकटत नाही आणि चिकटलं तरी गुदमरतं. अख्ख्या कडधान्याला भुंगा जास्त लागतो, डाळीला कमी, तेव्हा शक्य असेल तर मूग भरडून डाळ करूनच ठेवा. पेरायचे वाल असतील तर चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळवून ठेवलेले उत्तम.

साताऱ्याहून : कैरीच्या लोणच्याला दरवर्षी नाही पण गेल्या वर्षी ऑगस्टात वर बुरशी आली. सासूबाई म्हणतात वरचं काढून खालचं खा, आम्ही जन्मभर तसंच केलं. मी म्हणते टाकून द्या. त्यावेळी सासऱ्यांच्या बीपीमुळे मीठ कमी घातलं होतं, त्याचा काही संबंध असेल का?

संबंध तोच आहे, दुसरा काही नाही. आणि सासूबाई खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांचं लोणचं आणि तुमचं लोणचं एक नव्हतं. त्यांच्या लोणच्यात मीठ पुरेपूर असायचं, खारावर कधी पातळ पांढरी साय धरायची ती त्या काढून टाकायच्या आणि खालचं चालायचं. तुमच्या बरणीवर आली ती हिरवी-काळी लव असलेली बुरशी असेल तर अख्खी बरणी टाकायची, मनाला लागलं तरी. बुरशी दिसते वर, पण तिचे धागे आणि तिचं विष खाली उतरलेलं असतं, शिवाय बुरशी लोणच्यातला आंबटपणा खाऊन टाकते, आणि आंबटपणा गेला की ज्या जंतूंना तोवर वाव नव्हता त्यांना वाव मिळतो. मी स्वतः एका वर्षी पाच किलोची बरणी परसातल्या खड्ड्यात उलटी केलीय. वळवाचा पाऊस झाला होता, फोडी पंख्याखाली तासभर ठेवून घाईने भरल्या, पाणी राहिलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. आईच्या हाताची चिनी मातीची बरणी होती ती.

माप लिहून ठेवा. राजापुरी कैरीच्या १ किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ते १०० ग्रॅम तिखट, २५ ग्रॅम हळद, १० ग्रॅम मेथी तळून कुटलेली, १० ग्रॅम हिंग आणि पाव लिटर तेल कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं. कैऱ्या धुवायच्या आणि पुसून, चिरायच्या आधीच, रात्रभर कोरड्या होऊ द्यायच्या. चिरलेल्या फोडींना हळद-मीठ लावून सुटलेलं पाणी काहीजण टाकतात, मी टाकत नाही, त्यातच मीठ आणि आंबटपणा असतो. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात दिवसभर. भरल्यावर वर बोटभर तेल दिसलं पाहिजे, फोड तेलाच्या वर डोकावली की बुरशी तिथूनच सुरू होते. चार-सहा दिवसांनी फोडी तेल पितात, तेव्हा परत तेल घाला. रोजच्यासाठी छोट्या बरणीत काढायचं, मोठीला रोज हात नाही.

सासऱ्यांसाठी मीठ कमी केलेलं लोणचं वर्षभर टिकवायचा हट्ट सोडा. त्यांना कैरीचा टक्कू करून द्या, किसून, थोडं मीठ, थोडा गूळ, फोडणी, फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. टिकवायचं लोणचं पूर्ण मिठाचंच, त्यांनी त्यातली एकच फोड खायची, तीही डॉक्टर हो म्हणाले तरच. गोड प्रकारात साखरेचं तेच तत्त्व आहे. मुरांबा, साखरांबा टिकतो कारण तयार पाकात साखरेचा हिस्सा ६५ टक्क्यांच्या वर असतो आणि जंतूंना प्यायला पाणीच उरत नाही, साखर कमी केलीत तर तोही फ्रीजचा पदार्थ झाला.

न्यू जर्सीहून : काकू, इथे आत्ता कुठे थंडी संपून रोपं बाहेर लावायला घेतलीत. ऑगस्टात टोमॅटो, दुधी, मिरच्या इतक्या येतात की शेजारीसुद्धा नको म्हणतात. यावर्षी काचेच्या बरण्यांत भरून उकळून ठेवायचं मनात आहे. टोमॅटो, पावभाजीची ग्रेव्ही, दुधी, तेलातला लसूण. माझ्याकडे आईने दिलेला प्रेशर कुकर आहे.

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि हे उत्तर इथल्या वाचकांनीही वाचावं, कारण मटार आणि मक्याचे दाणे पाण्यात उकळून बाटलीत बंद करायचे व्हिडिओ आता आपल्याकडेही फिरतायत.

मातीत बोट्युलिझमचे जंतू असतात, सगळीकडे असतात. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, तासभर उकळलं तरी भरवसा नाही. उघड्यावर ते काही करत नाहीत, पण घट्ट बंद बरणी, आत हवा नाही, आंबटपणा नाही, खोलीतली ऊब, असं सगळं जमून आलं की ते वाढतात आणि जे विष करतात त्याने माणसाच्या नसा लुळ्या पडतात, श्वास थांबतो. बरणी फुगेलच, वास येईलच असं नाही. आपल्या आज्यांनी भाज्या कधी पाण्यात बंद करून ठेवल्या नाहीत, वाळवल्या, खारवल्या, आंबवल्या, साखरेत घातल्या, आणि ते शहाणपण किती खोल होतं ते मला हे वाचल्यावर कळलं. तेव्हा तुझ्या यादीचे दोन भाग कर, आंबट आणि बिनआंबट. शास्त्रात ती रेघ पीएच ४.६ वर आहे (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट), त्याच्या खाली आंबट.

टोमॅटो त्या रेघेवरच बसतो, काही वाण इकडे काही तिकडे. म्हणून तुमच्या तिथल्या कृषी खात्याने सांगितलंय की एका क्वार्टच्या, म्हणजे जवळपास लिटरभराच्या बरणीला २ टेबलस्पून बाटलीतला लिंबाचा रस घालायचाच. बाटलीतला अशासाठी की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, ताज्या लिंबाचा कमीजास्त होतो. उकळून कुस्करलेला टोमॅटो गरमच भरून क्वार्टची बरणी उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून ४५ मिनिटं, तुझं गाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या वर असेल तर आणखी जास्त. तुझ्या काउंटीचं एक्स्टेंशन ऑफिस असतं, त्यांचे तक्ते फुकट मिळतात, तेच वापर, कुणाच्या अंदाजाने जाऊ नकोस. माझ्याही नाही.

पावभाजीची ग्रेव्ही बरणीत नको. कांदा, लसूण, बटाटा पडला की आंबटपणा खाली जातो. ती डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाक. दुधीही बरणीत नको, तिकडच्या झुकिनीसारख्या कोवळ्या भोपळ्यांसाठीसुद्धा घरी बाटलीबंद करायची पद्धत त्यांनी आता सांगायची बंद केलीय, आणि लाल भोपळ्याचा गर तर मुळीच नाही. दुधी किसून, पिळून, हलव्याच्या मापाच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये ठेव, किंवा त्याचे सांडगे घाल, तुमच्या तिकडे डिहायड्रेटर मिळतो त्यात सुंदर होतात. तेलातला लसूण सगळ्यात फसवा, दिसायला लोणचं पण आंबट काहीच नाही. तो फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायचा. भरपूर लिंबू, मीठ घातलेलं लसणाचं लोणचं वेगळं, ते खुशाल कर आणि फ्रीजमध्ये ठेव.

आईचा कुकर डाळीला ठेव. बिनआंबट भाज्या बरणीत भरायला लागतो तो प्रेशर कॅनर, त्यात दाब मोजता येतो आणि किमान चार क्वार्टच्या बरण्या उभ्या राहतात, साध्या कुकरला तापायला आणि निवायला लागणारा वेळ कमी असतो आणि तक्त्यांतले हिशोब त्याच्यासाठी केलेलेच नाहीत. इथल्या वाचकांसाठी, मटार डिसेंबर-जानेवारीत स्वस्त झाले की दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, मग लगेच बर्फाच्या पाण्यात, कपड्यावर कोरडे करून फ्रीझरमध्ये. लाइट सारखी जाते अशा गावात ते करू नका, वाळवा.

जुन्नर तालुक्यातून, कॉलेजची विद्यार्थिनी : मागच्या वर्षी परसात टोमॅटो मस्त आले, त्याचंच बी धरलं, यावर्षी झाडं कुठली कुठली आली, फळं बारीक. माझं काय चुकलं?

तुझं काही चुकलं नाही गं, बी संकरित होतं. संकरित वाणाच्या पोटची पिढी एकसारखी येत नाही, कुणी आजीवर कुणी आजोबांवर जातं. त्यासाठी सरळ देशी वाण हवं. तुझ्या शेजारच्याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे, भाताचे, भाज्यांचे किती गावठी वाण घरात जपले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली ते त्याच कामासाठी. त्यांची बियाणं बघून ये एकदा, तुला जवळ आहे.

सुरुवात वाल, चवळी, मेथी, टोमॅटो यांच्यापासून कर, यांची फुलं बहुतेक आपली आपणच फळतात म्हणून वाण टिकतो. काकडी, दुधी, भोपळा नंतर, त्यांच्यात दोन वाण जवळ असले की मिसळतात. आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगते, सगळे लोक चांगल्या शेंगा खातात आणि शेवटी वेलावर राहिलेल्या किडक्या चुकार शेंगा बियाला ठेवतात. उलट कर. सगळ्यात जोमदार वेल आधीच निवड, त्याला लाल दोरा बांध, त्या वेलाची एकही शेंग तोडू नकोस, घरात सांगून ठेव. टोमॅटोचा गर भांड्यात दोन-तीन दिवस आंबू दे, वरचा बुळबुळीतपणा सुटतो, मग धुऊन सावलीत वाळव. दाताखाली धरल्यावर वालाचा दाणा दबला तर अजून ओला आहे, टणक वाजला तर झाला. राख, कोरडं गाडगं किंवा बाटली, वर नाव आणि साल. कांद्याचं बी वर्षभरातच वापर, बाकीची दोन-तीन वर्षं चालतात.

बोरिवलीहून : गच्ची नाही, फक्त खिडकीची ग्रिल. वाळवण करता येईल का?

करा. मोठं वाळवण नाही, पण सांडगी मिरची, कसुरी मेथी, चिंच, आवळ्याच्या फोडी एवढं रोजच्या तीन तासांच्या उन्हातही होतं. ताटलीवर जुनं मऊ धोतराचं कापड ताणून बांधा, धूळ बसत नाही. ऊन गेलं की पंख्याखाली. वाकतंय तोवर ओलं आहे, कटकन मोडलं की झालं. काचेच्या बरणीत भरून आठवडाभर रोज बघा, आतून काचेवर दव दिसलं तर परत उन्हात. वाळलेल्या मिरचीवर किंवा शेंगदाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी दिसली तर भाजून वापरू असं मनातही आणू नका, त्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजल्यानेही जात नाही आणि ते यकृताला फार वाईट.

मडगावहून : आमच्याकडे मे अखेरीला पुरुमेंताचं फेस्त भरतं, सुकी मासळी, मिरच्या, कोकम, सगळं तिथूनच यायचं. आता आई नाही, मी पहिल्यांदाच घरच्या रातांब्यांची आमसुलं केली. चांगली वाळली होती, पण डब्यात महिन्यात पाणी सुटलं. वाया गेली का?

नाही, वाया गेली नाहीत. त्यातलं मीठच हवेतली ओल ओढून घेतं, आणि गोव्याच्या हवेत ओल काय कमी आहे. बुरशी नसेल, वास आंबट-गोडच असेल तर सुटलेला रस गाळून वेगळा ठेवा, सोलकढीला वापरा. सालं परत दोन दिवस कडक उन्हात घाला. पुढच्या वर्षी सालं रसात बुडवून वाळवायची फेरी दोनदा न करता पाच-सात वेळा करा, काळीभोर चामड्यासारखी व्हायला हवीत, लाल दिसत असतील तर अजून आत रस आहे. प्लास्टिकचा आणि पत्र्याचा डबा नको, आम्ल आहे ते, काचेची किंवा चिनी मातीची बरणी घ्या आणि तोंडाला कापड बांधून झाकण लावा. उन्हातून आणून तशीच भरू नका, रात्रभर घरात पूर्ण गार होऊ द्या, गरम भरली की आतल्या आत घाम धरतो.